हॉल तिकिटावरचा एक जून

आमच्या न्हावऱ्यात माझ्या वयाच्या निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जूनला असतो. खरा नव्हे, कागदावरचा. आमच्या वेळी पोराला शाळेत घालायला आजा नाहीतर चुलता घेऊन जायचा. गुरुजी विचारायचे, पोरगं कधीचं? आजा सांगायचा, घोड नदीला मोठं पाणी आलं त्याच्या पुढच्या साली, बाजरी निसवली होती तवा. गुरुजी बिचारे त्याचं काय करणार? वर्षं भरतील असा अंदाज घ्यायचे आणि लिहून टाकायचे, एक जून. शाळा जूनमध्ये भरायची, विषय संपला. मी एक जूनचा, माझा थोरला भाऊ एक जूनचा, गल्लीतले सगळे एक जूनचे. फेसबुक आलं तेव्हा त्या दिवशी कुणी कुणाला शुभेच्छा द्यायच्या तेच कळेना.

आता हे सांगायचं कारण, माझं गावात ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा आणि भरतीचे फॉर्म. बारा वर्षं झाली त्या खुर्चीत बसून. माणूस समोर येऊन बसला की त्यानं तोंड उघडायच्या आत माझी बोटं शून्य एक, शून्य सहा दाबून मोकळी होतात. मग मी विचारतो, साल? बहुतेक वेळा बरोबर निघतं. एखाद्याची तारीख वेगळी असली तर तो ओरडतो, मी खोडतो.

माझा स्वभाव तापट. गिऱ्हाइकावर सुद्धा खेकसतो, लोक तरी येतात, कारण माझ्या हातून चूक होत नाही असं पंचक्रोशीत बोललं जायचं. त्याला कारण होतं. शेवटचं बटण दाबायच्या आधी मी अख्ख्या फॉर्मची प्रिंट काढायचो आणि समोरच्याला वाचायला लावायचो. वरपासून खालपर्यंत. मग खाली सही घ्यायचो, 'वाचले, बरोबर आहे.' कुणी म्हणालं, "मामा, तुमच्यावर भरोसा हाय की, सही कशाला?" तर मी म्हणायचो, "भरोसा ठेव खिशात. आधी वाच." गठ्ठेच्या गठ्ठे पडलेत तसल्या कागदांचे. त्यात माझ्या बायकोच्या सहीचा कागद नाही.

बायको दौंडची. सासरे रेल्वेत पॉइंट्समन होते, क्वार्टरमध्ये राहायचे. ती रेल्वेच्या दवाखान्यात जन्मली, त्यामुळे तिचा जन्म कसा पावतीसकट, दिवस, वार, वेळ सगळं लिहिलेलं. बी.ए. झालेली, टायपिंगच्या दोन्ही परीक्षा दिलेल्या. लग्न करून न्हावऱ्यात आली तेव्हा 'आहे' म्हणायची. वर्षभरात 'हाय' म्हणायला लागली आणि आमच्या गोठ्यात, कांद्यात, उसात मिसळून गेली. पण डोक्यातून नोकरी काही गेली नाही. जिल्ह्याच्या भरतीत कनिष्ठ सहायकाची जागा, एवढंच तिचं मागणं. मुलगी लहान होती तेव्हा एकदा बसली, नापास झाली. मग मध्ये बरीच वर्षं जाहिरातच नाही. मागच्या वेळी बसली तर दोन मार्कांनी गेली. दोन मार्कांनी! ती आठ दिवस कुणाशी बोलली नाही. आणि ही आत्ताची जाहिरात आली तेव्हा तिनं वयाची अट वाचली, बोटांवर मोजलं आणि मला म्हणाली, "ही शेवटची. ह्याच्यापुढं ते मला फॉर्मबी भरू देणार न्हाईत."

फॉर्म भरायचा शेवटचा आठवडा म्हणजे दुकानात जत्रा. साइट गोगलगाईसारखी, पान उघडलं तर उघडलं. तिनं सकाळी कागदांची पिशवी माझ्या गाडीला अडकवली होती. म्हणाली, "मी येऊ का दुपारी?" मी म्हणालो, "तू कशाला? घरचंच तर काम." दोन पोरांचे फॉर्म झाले, तिसरं पोरगं कागद आणायला घरी पळालं, तेवढ्यात साइट जरा चालायला लागली होती. म्हटलं हिचा उरकून घ्यावा. पिशवी उघडलीच नाही. नाव माहीत, शिक्षण माहीत, पत्ता माझाच. साल बरोबर टाकलं, कारण ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान एवढं मला ठाऊक होतं. प्रिंट काढली नाही, सही घेतली नाही. बटण दाबलं आणि ओरडलो, "चला, पुढचा कोण?"

नंतर तिनं एकदा फॉर्मची प्रत मागितली. फाइलला लावलीय म्हणालो. मध्ये तीन दिवस चुका दुरुस्त करायची सोय दिली होती. मी व्हॉट्सॅपला स्टेटस ठेवलं, लोकांना फोन करकरून बोलावलं, इनामगावची एक बाई तर पोराला काखोटीला मारून आली होती. सगळ्यांचे फॉर्म मी परत तपासले. तिचा नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण कुणी केली असेल त्यानं माझ्यासारखाच कुणीतरी बघितला असणार.

फॉर्म भरल्यावर वर्ष सरकलं, वर सहा महिने गेले, तरी परीक्षेचं नाव नाही. बाकीची पोरं कंटाळून कंपनीला लागली. हिनं सोडलं नाही. लोखंडी कपाटाच्या दारावर आतून खडूनं समित्या, कलमं, कुठल्या सभापतीला काय अधिकार, असलं सगळं लिहून ठेवलेलं. साडी काढायला दार उघडलं की एक ओळ वाचायची. गुरांसाठी कडब्याची कुट्टी करताना कानात मोबाइल. कांदा काटायला बायका बसल्या की त्यांना प्रश्न विचारायला लावायची. त्या अडाणी बायका! पुस्तक उलटं धरून म्हणायच्या, "सांग गं, खालून तिसरं काय लिवलंय?" आणि ही हसत हसत सांगायची. माझी आई आधी कुरकुर करायची. पुढं पुढं तीच शेजारणीला सांगायला लागली, "आमची सून साहेबीण व्हनार हाय. मग मी बी खुर्चीत बसून दळण निवडीन."

मला खरं सांगायचं तर वाटायला लागलं होतं की ह्या वेळी निघेल ही. सराव पेपर मीच प्रिंट करून द्यायचो. मार्क वाढत होते. मी तिला तसं बोलून दाखवलं नाही, माझी सवय नाही ती. आज वाटतं, बोलायला पाहिजे होतं.

हॉल तिकीट सुटल्याचा मेसेज आला तेव्हा दुपार होती. तासाभरात दुकान भरलं. ती माझा डबा घेऊन आली होती. गर्दी बघून म्हणाली, "सरका, माझं मी काढते." मीच उठून खुर्ची दिली. तिनं पदर खोचला, चष्मा लावला, अर्ज क्रमांक टाकला. तो तिला तोंडपाठ होता. मग जन्मतारीख. बावीस, अकरा, आणि साल. खालची वाकडीतिकडी अक्षरं जपून टाकली. बटण दाबलं.

लाल अक्षरांत आलं, माहिती चुकीची आहे.

"अक्षरं चुकली असतील," कुणीतरी म्हणालं. तिनं परत टाकलं. बावीस, अकरा. परत लाल. बाकावर एक आप्पा पेन्शनचा हयातीचा दाखला काढायला बसले होते. ते म्हणाले, "पोरी, सरकारला तू जलमलीच न्हाईस असं वाटतंय." सगळे हसले. तीही हसली. मी हसलो नाही. तिच्या खांद्यावरून मी ते बावीस-अकरा बघत होतो, आणि माझ्या बोटांना आठवलं त्यांनी काय दाबलं होतं ते. पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

"सर्व्हर डाऊन हाय," मी म्हणालो. "तू जा घरी. मी काढून आणतो."

"पण बाकीच्यांचं तर निघतंय."

"सांगितलं ना एकदा! जा तू."

मी असा ओरडलो की दुकान गप्प झालं. ती उठली, डबा टेबलावर ठेवला आणि गेली. आप्पा म्हणाले, "आरं, चारचौघात बायकोवर वरडत्यात व्हय?" मी त्यांचा दाखलासुद्धा काढला नाही. सगळ्यांना बाहेर काढलं, शटर अर्धं ओढलं आणि तिच्या अर्ज क्रमांकापुढं शून्य एक, शून्य सहा टाकलं.

लगेच उघडलं. तिचा फोटो, तिची सही, आणि जन्मतारखेच्या रकान्यात एक जून.

मदतीच्या नंबरला फोन लावला. गाणं वाजत राहिलं. परत लावला, परत गाणं. मेल केला, तर तुमचा मेल मिळाला असं आपोआप उत्तर आलं आणि पुढं काहीच नाही. मी सव्वा तास त्या खुर्चीत डोकं धरून बसलो होतो. घरी जाऊन सांगायचं, बाई, माझ्या हातून असं असं झालं, एवढंच करायचं होतं. दुकानापासून आमचं घर शेताएवढंही लांब नाही. पण कुठल्या तोंडानं सांगू? ज्या माणसानं गावाला अक्कल शिकवली, त्यानं घरात येऊन काय म्हणायचं, की मला तुझी तारीखच माहीत नव्हती?

आणि मग मी ते केलं. असली कामं घेऊन माझ्याकडं लोक यायचे, ह्या दाखल्यावरचं साल तेवढं बदलून द्या, त्या गुणपत्रिकेवरचा आकडा तेवढा. मी शिव्या घालून हाकलायचो. त्या दिवशी कुणी आलं नव्हतं, मीच होतो. तिच्या बैठक क्रमांकात दोनचा आकडा दोनदा होता, केंद्राच्या क्रमांकात एकचा आकडा दोनदा होता. ते उचलले आणि एक जूनवर नेऊन बसवले. दहा मिनिटांचं काम. मोठं करून बघितलं, कुठं शिवण दिसत नव्हती. मनात म्हटलं, गेटवर फोटो बघतात, नाव बघतात, तारीख कोण बघतंय? एकदा पेपर तर देऊ दे. पुढचं पुढं बघू.

घरी गेल्यावर तिनं हात पुसले आणि हॉल तिकीट उजेडात धरून वाचलं. वरपासून खालपर्यंत. "नाव बरोबर, तारीख बरोबर. फोटोत मात्र भुतासारखी दिसते मी." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "दुपारी एवढं काय झालं होतं हो वरडायला?" मी म्हणालो, "डोकं दुखत होतं." तिनं मला चहा करून दिला.

पेपरला अजून आठ दिवस होते. आठही दिवस रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू. रोज काहीतरी निघायचं. एकदा ती कपाटाचं दार उघडून उभी होती, मी मागं गेलो, "अगं" म्हणालो. तिनं न वळता बोट वर केलं, थांबा. ओठ हलत होते तिचे. मी थांबलो आणि मग निघून गेलो.

केंद्र आलं होतं कासुर्डीच्या पुढं, हायवेलगतच्या एका कॉलेजात. धारा आईनं काढल्या. आम्ही उजाडता मोटारसायकलवर निघालो. तिनं ठेवणीतली साडी नेसली नव्हती, साधी सुती, आत मोबाइल, घड्याळ काही चालत नाही म्हणून हात मोकळे. मंगळसूत्रसुद्धा काढून माझ्या शर्टाच्या खिशात ठेवलं होतं. चौफुल्याला चहा घेतला. तिनं अर्धाच घेतला. म्हणाली, "येतंय मला सगळं. ह्या वेळी खरंच येतंय हो." तिथं सांगायला पाहिजे होतं. निदान तिथं. मी चहावाल्याशी भांडलो, चहा पांचट दिला म्हणून.

गेटवर दोरी बांधली होती. घरच्यांनी दोरीच्या अलीकडं थांबायचं. ती रांगेत लागली. एक बाई टेबल टाकून बसल्या होत्या, एकेकाचं हॉल तिकीट घेऊन त्यावरच्या पट्ट्यांवर मशीन धरायच्या, स्क्रीनकडं बघायच्या, आत सोडायच्या. मी मोजत होतो. हिच्यापुढं चार जणी. तीन. दोन. हिचा नंबर आला. मॅडमनी मशीन धरलं, स्क्रीन बघितली, कागद बघितला. परत स्क्रीन बघितली. मग हिला हातानं बाजूला उभं राहायला सांगितलं.

ती वळली आणि तिनं मला शोधलं. हात करून बोलावलं. तिला वाटलं, मशीनचा काहीतरी घोळ आहे आणि मला त्यातलं कळतं.

मी दोरीखालून वाकून गेलो. मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडं ह्यांची जन्मतारीख एक जून आहे. तिकिटावर बावीस नोव्हेंबर आहे. हे असं येऊच शकत नाही. कुठून काढलं हे तिकीट?"

"माझ्या दुकानातून," मी म्हणालो.

"मग तारीख कुणी बदलली?"

बायको माझ्याकडं बघत होती. तोपर्यंत तिच्या तोंडावर नुसती काळजी होती, अपराध कुठं नव्हता. मी म्हणालो, "मी बदलली. फॉर्ममध्ये माझ्याकडून चुकली होती. हिला काही माहीत न्हाई, मॅडम. हिचा काही दोष न्हाई. हिला बसू द्या." मी हात जोडले. आयुष्यात मी कुणापुढं हात जोडलेले नाहीत, पण तिथं मी त्या टेबलाला जवळजवळ टेकलो होतो.

मॅडम वाईट नव्हत्या. उलट त्यांनाच कसंतरी झालं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "अहो, सकाळपासून तीन जणांच्या तारखा चुकलेल्या निघाल्या. एक जून, एक जून, तिघांचंही तेच. हमीपत्र लिहून घेतलं आणि आत सोडलं त्यांना. तसा नियमच आहे. चुकीचं होतं तसं घेऊन आला असता तर ह्याही आत असत्या आता. पण हे खाडाखोड केलेलं तिकीट आहे. हे घेऊन मी ह्यांना कसं सोडू? उद्या माझ्यावर येईल."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. चूक झाली होती ती एका कागदाच्या तुकड्यावर निभावली असती. मी सुधारायला गेलो आणि तिचं दार माझ्या हातानं लावून घेतलं.

मी अजून काय काय बोललो आठवत नाही. आवाज चढला होता, मग रडका झाला होता, एवढं आठवतं. मॅडमनी दोघांकडूनही लेखी घेतलं. हॉल तिकीट ठेवून घेतलं. म्हणाल्या, "मला पोलिसांना बोलवायला लावू नका. जा तुम्ही." बायकोनं जिथं सांगितली तिथं सही केली. आतल्या बाजूला घंटा झाली आणि गेट बंद झालं. ती तशीच उभी होती, बंद गेटकडं तोंड करून. मागं कुणाचे तरी आईबाप सतरंजी टाकून डबा सोडत होते.

गाडी मी लांब लावली होती. तिथवर आम्ही चालत गेलो. हायवेच्या कडेला एक मोरी होती, तिच्या कठड्यावर ती बसली. ट्रक चालले होते, धूळ उडत होती. मी खिशातून मंगळसूत्र काढून पुढं केलं. तिनं घेतलं नाही, की नकोही म्हणाली नाही. मी ते परत खिशात ठेवलं.

म्हणालो, "शिव्या घाल मला. मार."

ती जाणाऱ्या ट्रककडं बघत म्हणाली, "एक फोन करायचा होता. तारीख विचारायला. फोन तर तुमच्या हातातच असतो."

"मला वाटलं, माहीत हाय."

"काय माहीत हाय?"

मी गाडीची किल्ली बोटांत फिरवत राहिलो.

"सतरा वर्षं झाली लग्नाला," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, कुठं अडखळली नाही. "पप्पा होते तवर दर वर्षी त्या दिवशी सकाळी त्यांचा फोन यायचा तुमच्या मोबाइलवर. तुम्हीच उचलायचा आन् माझ्या हातात द्यायचा. कशाचा फोन वाटायचा तुम्हाला?"

मला वाटायचं सासऱ्यांचा फोन आलाय. एवढंच वाटायचं. खरंच, देवाशपथ, त्याच्यापुढं कधी काही वाटलं नाही.

"परीक्षा जाऊ द्या," ती म्हणाली. "गेली ती गेली. आता काही परत येत न्हाई. मला एवढंच सांगा, आपली मोठी गाय शेवटची कवा व्याली?"

मी तोंड उघडलं. दिवस, महिना, पहाटेची वेळ, सगळं जिभेवर आलं होतं. मी दात आवळून गप्प बसलो. पण तिनं बघितलं होतं. ती उठली, साडीची धूळ झटकली आणि गाडीपाशी जाऊन उभी राहिली.